नांदलेली साडी

वच्छलाबाईच्या गाठोड्यात एकही साडी जुनी नव्हती. हा शब्दच तिच्या तोंडून मी सहा वर्षांत कधी ऐकला नाही. गडचांदूरला आमच्या ओळीत ती महिन्यातून एकदोनदा यायची. विटलेल्या, डाग पडलेल्या, काठ झिजलेल्या साड्या घ्यायची आणि बदल्यात स्टीलचा डबा नाहीतर एखादा गंज, म्हणजे पातेलं, द्यायची. मग त्या साड्या धुऊन, रफू करून, लोट्यात निखारे घालून त्यांना इस्त्री मारून ती सिंदेवाही-नागभीडकडच्या बाजारांत विकायला न्यायची. तिथे ती त्यांना 'नांदलेली साडी' म्हणे. "नवी साडी कोनीबी घेईन. नवीले काय ठाऊक असते? हे एका घरी सुखानं नांदून आली आहे." एवढं म्हटलं की समोरची बाई पदराला हात लावून बघायचीच.

मी तेव्हा तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. नवरा चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी येणार. भाड्याच्या दोन खोल्या, आणि भिंतीला भिंत लावून घरमालकाचं घर. दुपारी माझ्या पायरीवर सावली असायची आणि सिमेंट कारखान्याची धूळ त्यातल्या त्यात कमी उडायची, म्हणून वच्छलाबाईनं तिथे बैठक मारली. मला विचारलं वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी पाणी मागितलं आणि तांब्या परत देताना म्हणाली, "बाई, तुमची पायरी चांगली आहे." त्यानंतर ती पायरी तिचीच झाली.

पन्नाशीची, उंच, काटकुळी बाई. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन दात काळे झालेले. पण अंगावरची साडी कायम दुकानातली, कोरी. स्वस्तातली असेल, पण दुसऱ्या कोणाच्या अंगावरची नाही. मी एकदा विचारलं, की एवढ्या चांगल्या साड्या हातून जातात, तुम्ही का नाही एखादी ठेवून घेत? तिनं माझ्याकडे मी काही घाणेरडं बोलल्यासारखं पाहिलं. "मले नाई चालत दुसऱ्याची," ती म्हणाली. मी हसले होते तेव्हा. खरं तर त्याच दिवशी मला ती बाई कळायला हवी होती.

साडी हातात आली की ती आधी नाकाला लावायची. वासावरून तिला सगळं समजायचं. ही पेटीत डांबरगोळ्यांत राहिलेली, ही चुलीपुढची, ही दवाखान्यातून आलेली. समजायचं, पण ऐकून घ्यायचं नाही, हा तिचा नियम. एखादी बाई सांगायला लागली, की ही माझ्या जावेची, ती बिचारी अशी अशी गेली, की वच्छलाबाई हात वर करायची. "खरं सांगू नका बाई. खरं आयकलं का मंग मले बोलता येत नाई."

घरी नेऊन धुतल्यावर ती प्रत्येक साडीच्या कोपऱ्यात एका दोऱ्याचा टाका घालायची. लाल दोरा म्हणजे लग्नाची गोष्ट. हिरवा म्हणजे डोहाळजेवणाची. पिवळा म्हणजे नोकरीवाल्या बाईची. कोणत्या साडीला कोणती गोष्ट लावली ते विसरू नये आणि एकाच बाजारात एका साडीच्या दोन गोष्टी होऊ नयेत, म्हणून ही सोय. गोष्ट सुरू करण्याआधी ती खर्रा थुंकून चूळ भरायची. मी चिडवलं तर म्हणाली, "बाई, खरं बोलाचं असलं तर भरल्या तोंडानं बोलता येते. हे काम साफ तोंडाचं आहे."

माझी नणंद सिंदेवाहीला दिलेली आहे. एकदा तिच्याकडे गेले असताना बाजारात वच्छलाबाईचं दुकान लागलेलं दिसलं. दुकान म्हणजे ताडपत्री आणि तीवर साड्यांच्या चळती. सात-आठ बाया उकिडव्या बसलेल्या. मी मागे उभी राहिले, आणि बघते तर तिच्या हातात माझीच साडी. निळी, सुती. शाईचा डाग पडला म्हणून मी ती एका डब्यावर देऊन टाकली होती. डाग निऱ्यांत जाईल अशी तिनं घडी घातली होती आणि सांगत होती, "हे मास्तरीन बाईची. हेच नेसून थे नोकरीवर पहिल्या दिवशी गेली. हेच नेसून पोराच्या बारशाले बसली. आता तिचा पोरगा नागपूरले डॉक्टरी शिकून राह्यला. घरात कोनी मोठ्यानं बोलत नाई, असं घर."

मला मूल नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. आमच्या ओळीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणजे तिलाही होतं.

एका म्हाताऱ्या बाईनं ती साडी नातीसाठी घेतली. गर्दी ओसरल्यावर मी पुढे झाले. वच्छलाबाई ओशाळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काऊन बाई, आवडलं नाई का?" मला आवडलं होतं, हीच तर अडचण होती. घरी जाताना मी त्या डॉक्टर मुलाचं नावसुद्धा ठरवून टाकलं.

तिच्या गिऱ्हाइकांना ती फसवत होती असं मी म्हणणार नाही. त्या बाया काही खुळ्या नव्हत्या. एकदा एकीनं तोंडावर विचारलं, "मागच्या बाजारी बी कलेक्टरीन बाईचीच साडी होती. एका बाईले किती साड्या असतात व?" वच्छलाबाई शांतपणे म्हणाली, "कलेक्टर बदलून जातात न बाई." सगळ्या हसल्या आणि त्या विचारणारीनंच ती साडी घेतली. धान रोवायला जाणारी बाई मुलीला सासरी पाठवताना कोणाची तरी नेसलेली साडी देते, तेव्हा तिला लाज वाटते. त्या लाजेवर घालायला काहीतरी पांघरूण लागतं. ते वच्छलाबाई द्यायची आणि त्याचेच पैसे घ्यायची. "साडीले कोन पैसे देते? बोलन्याले देते," हे तिचंच म्हणणं.

तरी एक गोष्ट मला खटकली होती. हिरव्या दोऱ्याची एक साडी एका बाईनं सुनेच्या डोहाळजेवणाला नेली. सातव्या महिन्यात सुनेचं मूल गेलं. बाई साडी परत घेऊन आली, भांडली नाही, नुसती ठेवली. वच्छलाबाईनं दुसरी दिली. ती परत आलेली साडी मात्र पुढच्या आठवड्यात नागभीडला विकली, त्याच हिरव्या दोऱ्यावर. मी म्हटलं, "निदान गोष्ट तरी बदलायची." तर म्हणाली, "त्यात साडीचा काय गुन्हा?"

आणि तिच्याकडच्या सगळ्यात चांगल्या साड्या मेलेल्या बायांच्या असायच्या. तेरवी झाली की घरची माणसं पेटी उघडतात आणि डोळ्यांपुढून सगळं काढून टाकतात. ठेवणीतल्या, एकदा-दोनदा नेसलेल्या साड्या. ते बाजारात कळलं असतं तर तिच्या ताडपत्रीजवळ एक बाई फिरकली नसती. म्हणून त्याच साड्यांना ती सगळ्यात सुखाच्या गोष्टी लावायची.

घरमालकाच्या धाकट्या मुलाचं लग्न झालं आणि रोशनी सून म्हणून आली. वीस-एकवीस वर्षांची. सिंदेवाहीजवळच्या एका तळ्याकाठच्या गावची. बाप तळ्यात जाळं टाकणारा, माय बाजारात मासे घेऊन बसणारी. पहिले तीन-चार महिने ती ओट्यावर दिसायची, मग दिसेनाशी झाली. तिला कशावरून मारायचे ते मला कधी नीट कळलं नाही. भिंतीतून शब्द येत नाहीत, आवाज येतात. मी रेडिओ लावायची.

एका दुपारी वच्छलाबाई माझ्या पायरीवर होती. घरमालकीण एक साडी घेऊन आली, जांभळी, पिवळ्या काठाची, जवळजवळ नवी. खांद्यावर टीचभर फाटलेली होती आणि फाटलेल्या जागी सेफ्टीपिन तशीच अडकलेली होती. पदर धरून ओढल्याशिवाय साडी तशी फाटत नाही, हे साडी नेसणाऱ्या कोणत्याही बाईला कळेल. वच्छलाबाईनं ती पिन काढली, स्वतःच्या पोलक्याला लावली आणि म्हणाली, "रफू होईन." घरमालकीण आणखी एक साडी आणायला आत गेली, तेवढ्यात रोशनी बाहेर आली. तिनं पायरीशी येऊन हळूच विचारलं, "मावशी, तुमी सिंदेवाईच्या बाजारात जाता न? माही माय तिथी मासे घेऊन बसते, पिंपळाखाली. तिले सांगा, मले घ्याले ये म्हना. लवकर ये म्हना."

"सांगीन न बाई," वच्छलाबाई म्हणाली.

"एवढंच सांगा. बाकी काई नका सांगू."

मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. आत जाताना रोशनीनं माझ्याकडेही पाहिलं. तिचा फोन बिघडला आहे असं तिची सासू सगळ्यांना सांगायची. माझा फोन माझ्या टेबलावर होता, चांगला चालू. पण घर त्यांचं, भाडं कमी, आणि वच्छलाबाई जाणारच होती. मी मनाची अशी समजूत घातली आणि कप विसळला.

पंधरा दिवसांनी वच्छलाबाई आली ती खुशीत. बसली आणि सांगायलाच लागली. "बाई, त्या दिवशीची जांभळी साडी. बाजारात पसरली, चार बाया बसल्या होत्या. मी म्हनलं, गडचांदूरच्या मोठ्या घरची आहे, सून नुकतीच आली आहे घरात. तर बाजूची मासेवाली उठली, हात पुसले आन काठ पाहाले लागली. म्हन्ते, हे तर माह्या रोशनीची. आमीच घेतली लग्नात, ब्रह्मपुरीवरून. काऊन देली तिनं? आवडली नाई का? आता चार बाया आयकून राह्यल्या, मी काय म्हनू? म्हनलं, आवडली नाई कशी. पन नवरा तिले नवीन नवीन घेऊन देते, पेटीत जागा नाई राह्यली. अशी हासली बाई थे माय. बाजूच्या बायाईले सांगाले लागली, पाहा माही पोरगी. आता मायच साक्षीले उभी राह्यली तर मंग काय विचारता? साडी दुपटीनं गेली." मायनं तिला ओंजळभर सुकट दिलं होतं. त्यातलं थोडं तिनं माझ्यासाठीही आणलं होतं.

"आणि निरोप?" मी विचारलं.

"पुढच्या खेपेले सांगीन. एकटीले गाठून."

मला राग आला. इतका, की तिचं गाठोडं पायरीवरून लोटून द्यावं. राग आला आणि मी चहा ठेवला. भिंतीपलीकडे रोशनी होती. आईला निरोप पोचला, आता ती येईलच, असं समजून ती वाट बघत असणार. मी जाऊन तिला एवढंसुद्धा सांगितलं नाही, की निरोप पोचलेला नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी रोशनी गावाबाहेरच्या जुन्या खदानीच्या पाण्यात सापडली. कपडे धुवायला गेली आणि पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. तिचे आईवडील लाल गाडीनं संध्याकाळी पोचले. तालुक्याच्या दवाखान्याच्या ओसरीवर हवालदार कागद घेऊन बसला होता. त्यानं नीट विचारलं, एकदा नाही, दोनदा विचारलं, की सासरचा काही त्रास होता का, कोणावर संशय आहे का. बापानं मायकडे बघितलं. माय म्हणाली, "त्रास नव्हता साहेब. बाजारातली बाई आपल्या डोळ्यानं पाहून आली होती. नवरा तिले नवीन नवीन साड्या घेऊन देत होता. माही पोरगी सुखात होती." हवालदारानं ते लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

मी तिथेच होते, ओळीतल्या बायांबरोबर आले होते. माझ्या मागे घरमालक उभा होता. मी तोंड उघडलं नाही. हे मी आज लिहिते आहे यानं त्यात काही फरक पडत नाही.

तेरवीनंतर वच्छलाबाई आली. घरमालकिणीनं पेटीच बाहेर आणून ठेवली. वच्छलाबाई एकेक साडी उचलत होती आणि नाकाला न लावताच बाजूला ठेवत होती. सासू आत गेल्यावर मी म्हटलं, "या तरी घेऊ नका."

"मी नाई घेतल्या तर दुसरी घेईन."

"तुम्ही तिच्या आईला का नाही सांगितलं?"

तिनं हातातल्या साडीची घडी घातली. मग म्हणाली, "हासत होती बाई थे. हासत्या मायले कसं सांगाव? मले चांगलंच बोलाची सवय लागली. तोंडातून दुसरं निंगतच नाई." आणि मग, अगदी सहज, आवाज न चढवता, "पन मी तर अडानी. तुमच्याजवळ फोन होता. तुमी काऊन नाई सांगितलं?"

मी आत निघून गेले. त्या महिन्यातच मी खोली बदलली. नवीन घराला पायरी नव्हती, आणि असती तरी वच्छलाबाई तिथे आली नसती.

वर्षभर मी रोज ठरवत होते. रोशनीच्या आईला सांगायचं. शाळेतल्या मुलांच्या पाठीवर साधा ओरखडा दिसला तरी मी घरी चौकशी करणारी बाई, आणि माझ्या भिंतीपलीकडे हे झालं. आई उभी राहिली तर कागद पुन्हा उघडतील, निदान ते घर उजळ माथ्यानं दुसरी सून आणणार नाही, असं वाटायचं. धाकट्यासाठी मुली बघणं सुरू झालं असं कानावर आलं, तेव्हा मी नणंदेला फोन केला आणि बाजाराच्या दिवशी सिंदेवाहीला गेले. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा मनात म्हणून पाहिलं. रोशनीचे शब्द जसेच्या तसे सांगायचे, आपलं काही घालायचं नाही, आणि मी गप्प राहिले हेही सांगायचं.

पिंपळाखाली मासेवाल्यांच्या ओळीत ती नव्हती. तिची टोपली वच्छलाबाईच्या ताडपत्रीजवळ दिसली आणि ती स्वतः ताडपत्रीवर, साड्यांच्या चळतीला टेकून बसलेली. वर्षात पार वाळली होती. मागे तीन बाया बाजाराच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. मी जवळ गेले तर आई विचारत होती, "मंग चहा तिनंच केला म्हनल्या न तुमी?"

"तिनंच केला," वच्छलाबाई म्हणाली. "आलं टाकून."

"आन तब्येत?"

"भरली होती अंगानं. गोरी झाली होती."

"मागच्या बाजारी तुमी म्हनल्या, नवरा तिले पिच्चर पाहाले घेऊन गेला होता."

"घेऊन गेला होता न. चंद्रपूरले."

वच्छलाबाईचा आवाज एका सुरात चालला होता, पाढे म्हणावे तसा. आई दर बाजारी येऊन बसते हे त्यावरून मला कळलं. आणि दर बाजारी वच्छलाबाईला काहीतरी वाढवून सांगावं लागत असणार. माझ्याकडे लक्ष गेलं तसा तिचा हात साडीवर थांबला. मी कशाला आले ते तिनं ओळखलं. मला वाटलं, ही आता उठेल, मला बाजूला घेईल, हातापाया पडेल. तसलं काही तिनं केलं नाही. ती आईकडे वळून म्हणाली, "हे रोशनीच्या शेजारच्या मास्तरीन बाई. या बाईले विचार तुले का विचाराचं थे." आणि नजर खाली घातली.

आई धडपडत उठली. तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना माशांचा वास होता आणि ते थंडगार होते. "तुमी भिंतीलेच लागून होत्या न बाई? या मावशी तर घडीभर पाहून येत. तुमी रोज पाह्यलं असन. होती न माही पोरगी सुखात?"

चार वेळा म्हणून पाहिलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या मुलीनं तुम्हाला बोलावलं होतं. पण ते ऐकल्यावर या बाईला पहिली गोष्ट काय आठवणार, हे मला दिसत होतं. या ताडपत्रीपुढे उभी राहून ती हसली होती, चार बायांना साडी दाखवत होती, ते. आणि कागदावर अंगठाही तिचाच होता. मी खरं सांगून रोशनीच्या नवऱ्याचं दुसरं लग्न थांबलं असतं का, ते मला माहीत नाही. थांबलंही असतं.

"हो," मी म्हणाले. "सुखात होती."

आईनं हात सोडले नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आनखी सांगा बाई," वच्छलाबाई खालमानेनं म्हणाली. "एवढ्यानं नाई होत तिचं."

मी ताडपत्रीवर बसले आणि सांगू लागले. संक्रांतीला रोशनी हिरवी साडी नेसून वाण द्यायला माझ्याकडे आली होती. नवरा बाहेर मोटारसायकलवर थांबला होता आणि लवकर चल म्हणून हॉर्न वाजवत होता, आणि ती हसत होती. सासूनं स्वतःच्या गळ्यातली पोत काढून तिच्या गळ्यात घातली होती. माझी मलाच गंमत वाटली, किती सहज सुचत होतं. आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मागच्या तिघी बायाही पिशव्या घेऊन पुढे सरकल्या, आणि मी बोलत असतानाच वच्छलाबाईनं त्यांच्यापुढे साड्या पसरायला सुरुवात केली.